शब्दकोड्यातले वाक्प्रचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही जण दर आठवड्याला एकत्र बसून मराठी शब्दकोडी सोडवतो. त्यातली बरीचशी कोडी मी रचते. नवीन आलेली मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यात वाक्प्रचारांचे प्रश्न सर्वांत जास्त असतात. चौकोनात शब्द बरोबर बसतो, पण 'म्हणजे नक्की काय?' हे तसंच राहून जातं. ते राहू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून काही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

कोड्यात वाक्प्रचार कसा विचारतात?

बहुतेक वेळा त्यातला एक शब्द गाळतात आणि अर्थ देतात. उदाहरणार्थ, '___ गिळणे : बोलायला हवं तिथे गप्प राहणे (२)'. उत्तर 'मूग'. कंसातला आकडा अक्षरांचा. कधी उलट करतात. वाक्प्रचार अख्खा देऊन अर्थाचा एक शब्द मागतात, जसं 'पोबारा करणे (४)', उत्तर 'पलायन'. दुसऱ्या प्रकारात तुम्हाला वाक्प्रचार आधीच माहीत असावा लागतो. पहिल्या प्रकारात तो माहीत नसला तरी चालतं, म्हणून नवीन वाक्प्रचार शिकायला पहिला प्रकारच उपयोगी.

एका चौकोनात नेमकं काय लिहायचं?

एक अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षराला एकच घर. 'अटकेपार' पाच घरांत बसतो आणि 'संक्रांत' तीन घरांत. आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथलं अक्षर दोन्हीकडे तंतोतंत एकच असायला हवं. 'री' आणि 'रि' वेगळे, 'क' आणि 'कं' वेगळे.

वाक्प्रचार कधी ऐकलाच नसेल तर तो सुटणार कसा?

छेदणाऱ्या शब्दांमुळे. आमच्याकडे नेहमी होणारा एक प्रसंग सांगते, म्हणजे कळेल.

सूत्र असं : 'हातावर ___ देणे : चकवून निसटून जाणे (२)'. नातू पटकन 'टाळी' लिहितो. दोन अक्षरं आहेत, 'हातावर टाळी देणे' हे त्याने शंभरदा ऐकलंय, घरं भरली. मग आजी दुसऱ्या अक्षरापासून खाली जाणारा शब्द बघते : 'पद्धत, चाल (२)', आणि दुसऱ्या घरात 'त' आधीच आलेला आहे.

"अरे, पद्धत म्हणजे काय?"

"रीत."

"मग वरचं अक्षर 'री' हवं. तू 'ळी' लिहिलंयस."

"म्हणजे टाळी नाही? मग आजी, हातावर काय देतात?"

"तुरी! चोर पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला. पेपरात वाचलं नाहीस का कधी?"

त्या मुलाला 'तुरी' आता विसरता येत नाही. कुणी नुसता अर्थ सांगितला असता तर तो दुसऱ्या कानाने बाहेर गेला असता. इथे त्याने आधी स्वतःचा अंदाज बांधला, तो 'रीत'ने मोडला आणि रिकाम्या झालेल्या जागी नवा शब्द आला. अशा वेळी मी उत्तर सांगायची घाई करत नाही. माणूस आधी अडलेला असला की अर्थ पक्का बसतो. तुम्ही घरी कुणाबरोबर कोडं सोडवत असाल तर त्यालाही अडू द्या.

छेदणाऱ्या अक्षरांशिवाय ज्याचा निकालच लागत नाही अशीही सूत्रं असतात. 'कान ___ : चुगली करून मन कलुषित करणे (३)' हे घ्या. 'भरणे' बसतं आणि 'फुंकणे'ही बसतं. अर्थ जवळजवळ तोच, अक्षरं तितकीच, शेवट दोन्हींचा 'णे'. 'टोचणे'सुद्धा तीन अक्षरांचंच, पण कान टोचणं म्हणजे चूक दाखवून समज देणं, त्यामुळे ते अर्थावरून गळतं. उरलेल्या दोघांतलं कुठलं, ते उभ्या शब्दालाच विचारावं लागतं. तोपर्यंत पेन्सिलीने लिहा.

शब्द जुळला म्हणजे वाक्प्रचार कळला का?

नाही. या पानावर मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे.

कोड्यातला अर्थ चार शब्दांचा असतो. तेवढ्यात वाक्प्रचार कुणाला, कशाबद्दल आणि कुठल्या सुरात म्हणायचा हे मावत नाही. 'पाचवीला पुजणे'चं सूत्र बहुतेक ठिकाणी 'कायमचे मागे लागणे' किंवा 'जन्मापासून सोबत असणे' असं देतात. ते चूक नाही. पण तेवढ्यावर विसंबून कुणी निरोप समारंभात "यश तुमच्या पाचवीलाच पुजलंय" असं कौतुकाने म्हणालं तर जुनी माणसं एकमेकांकडे बघतील. पाचवीला पुजलेलं असतं ते दारिद्र्य, आजारपण, उशीर, कटकट. बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करतात, तिथून हा वाक्प्रचार आला. जन्मापासून नको ते मागे लागलं, अशी तक्रार त्यात आहे. हा सूर चौकोनात येत नाही, तो वाक्यांतूनच येतो.

तसंच पाण्याचं. 'पाण्यात पाहणे' म्हणजे एखाद्याचा अतिशय द्वेष करणं. 'देव पाण्यात घालून बसणे' म्हणजे काहीतरी घडावं म्हणून जीव टांगणीला लावून वाट पाहणं. दोन्हींत पाणी आहे, आणि अर्थाचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'दोन हात करणे' म्हणजे लढणं आणि 'दोनाचे चार हात होणे' म्हणजे लग्न होणं. ज्यांचं शालेय शिक्षण मराठीत झालेलं नाही त्यांची इथे हमखास गल्लत होते. त्यांनी संकोच न करता विचारावं.

म्हणून माझा आग्रह असा असतो की कोडं सुटल्यावर नव्याने कळलेल्या वाक्प्रचारासाठी तीन गोष्टी विचारून घ्या. तो चांगल्या गोष्टीबद्दल वापरतात की वाईट? स्वतःबद्दल बोलताना चालतो की फक्त दुसऱ्याबद्दल? वडीलधाऱ्यांशी बोलताना शोभतो का? 'अक्कल गहाण ठेवणे'चा अर्थ सगळ्यांना कळतो, पण सासऱ्यांना उद्देशून तो कुणी वापरत नाही.

वाक्प्रचार आणि म्हण यात फरक काय?

म्हण स्वतःच्या पायावर उभी असते : 'काखेत कळसा नि गावाला वळसा'. तिचा तो एक अख्खा विचार असतो. वाक्प्रचार वाक्यात घालावा लागतो आणि तिथे त्याचं क्रियापद बदलतं : मूग गिळले, मूग गिळून बसली, किती दिवस मूग गिळणार. कोड्यात मात्र तो 'णे' लावूनच विचारतात.

'ताकाला तूर' लिहिलं तर का चालत नाही? अर्थ तोच आहे ना?

फार चांगला प्रश्न. वाक्प्रचार आहे 'ताकास तूर लागू न देणे', म्हणजे मनातल्या गोष्टीचा थांगपत्ता लागू न देणं. बोलताना आपण आता 'ताकाला' म्हणतो, पण वाक्प्रचारात जुना 'स' तसाच गोठून राहिला आहे. ता-का-स आणि ता-का-ला, घरं तीनच, म्हणून चूक लक्षात येत नाही आणि मग तिसऱ्या अक्षरावरून उतरणारा शब्द काही केल्या सुटत नाही.

वाक्प्रचारांत अशी जुनी रूपं ठिकठिकाणी सापडतात. 'नाकी नऊ येणे' मधलं 'नाकी' बघा. आज आपण 'नाकात' किंवा 'नाकाशी' म्हणू. 'कानी पडणे', 'हाती घेणे', 'तोंडी लावणे' यांत तोच जुना 'ई'. रोजच्या बोलण्यातून ही रूपं कमी झाली, पण वाक्प्रचारांनी ती जपली. म्हणून सूत्रात 'जुन्या वळणाने' वगैरे काही लिहिलेलं नसलं तरी तीन अक्षरी उत्तर अडलं की 'ला'च्या जागी 'स' घालून बघा.

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर उत्तर चूक धरायचं का?

हो. नाहीतर छेदणारा शब्द बिघडतो. 'मूग' दीर्घ आहे, पण 'मुगाची डाळ' ऱ्हस्व. अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ असतो आणि विभक्ती लागली की ऱ्हस्व होतो. 'सुंठीवाचून खोकला गेला' मधली 'सुंठ' मात्र मुळातच ऱ्हस्व, कारण उकारावर अनुस्वार आहे. आपण जे नियम पाळतो त्यांतले चौदा १९६२ चे आणि पुढचे चार १९७२ चे. एवढे अठरा नियम एकदा वाचून ठेवले तर कोड्यांतले निम्मे वाद मिटतात.

पुण्याच्या इतिहासातून आलेले वाक्प्रचार कोणते?

भरपूर आहेत, आणि ते शिकायला शहरातल्या शहरात फिरलं तरी पुरतं.

पहिला अर्थातच 'ध चा मा करणे'. कोड्यात हा तीन घरांत येतो आणि सूत्र असतं 'मजकुरात मुद्दाम फेरफार'. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत रघुनाथरावांनी 'धरावे' लिहिलं होतं आणि आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं, अशी कथा सांगितली जाते. खून इतिहासात नोंदलेला आहे. अक्षर बदलल्याची गोष्ट ही कथा आहे, आणि एखाद्या स्त्रीवर एवढा मोठा आरोप करणारी कथा आहे. त्यामुळे वाक्प्रचार जरूर वापरावा, पण ती कथा पुरावा म्हणून पुढे सांगू नये असं मला वाटतं. वापरताना एवढं ध्यानात ठेवा की नजरचुकीने झालेली छपाईची चूक म्हणजे ध चा मा नव्हे. त्यामागे हेतू असावा लागतो.

'अटकेपार झेंडा लावणे' म्हणजे दूरच्या मुलखात मोठा पराक्रम गाजवणं. १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या उत्तरेकडच्या मोहिमेत मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या. इथली 'अटक' म्हणजे गाव, पोलिसांची अटक नव्हे. लहान मुलांना हे सांगावं लागतं आणि सांगितलं की त्यांना फार आवडतं.

मग 'पानिपत होणे', म्हणजे पूर्ण पराभव, सगळंच हातचं जाणं. तारीख १४ जानेवारी १७६१. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ दोघेही तिथे पडले. 'विश्वास पानिपतात गेला' हे बोलणं तिथलंच. कुणी "माझ्यावर विश्वास ठेव" म्हणालं की आमच्याकडचे आजोबा आजही हे उत्तर देतात. पराभवाची बातमी नानासाहेबांना एका सावकारी पत्रातून कळली असं सांगतात, आणि त्या पत्रातला मजकूर म्हणजे स्वतःच एक कोडं आहे : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती कोण, मोहरा कोण आणि खुर्दा कोण, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. कोडी रचणाऱ्या माणसाला हा मजकूर वाचताना हुरहूर लागते.

'साडेतीन शहाणे' कधी कधी चार घरांत विचारतात, पण ते 'साडेतीन' एवढंच. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे आणि नाना फडणवीस अर्धे. नानांना अर्धं का म्हणत, तर ते मुत्सद्दी होते पण तलवारीचे नव्हते, असं स्पष्टीकरण देतात. 'दीडशहाणा' वेगळा. त्याचा या मंडळींशी संबंध नाही आणि तो अपमानाचा शब्द आहे.

वाक्प्रचारामागे सांगतात त्या गोष्टी खऱ्या मानायच्या का?

गोष्ट लक्षात ठेवायला मदत करते, पण पडताळता येत असेल तर पडताळावी. 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार पानिपतावरून आला, कारण लढाई संक्रांतीलाच झाली, असं अनेक जण ठामपणे सांगतात. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते म्हणून ते पटतं. पण संक्रांतीची तारीख स्थिर नाही. साधारण सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. त्या हिशेबाने १७६१ मध्ये संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. उलट पंचांगात संक्रांतीचं जे फल देतात ते बघा : तिचं वाहन, वस्त्र, शस्त्र, ती कुठून येते आणि कुठे पाहते. ज्या दिशेला तिची नजर तिकडे संकट, अशी समजूत. 'त्याच्यावर संक्रांत आली' हे त्या समजुतीशी सरळ जुळतं.

सगळ्यात सोपी पडताळणी 'छत्तीसचा आकडा' या वाक्प्रचाराची. कागदावर मराठी आकड्यांत ३६ लिहा. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतील. आता ६३ लिहा, दोघं समोरासमोर येतात. इंग्रजी आकड्यांत लिहिलं तर हे दिसतच नाही, त्यामुळे मोबाइलवर वाढलेल्या मुलांना हा वाक्प्रचार पाठ करावा लागतो आणि कागदावर एकदा लिहून दाखवला की पाठ करायची गरज उरत नाही.

अर्थ कुठे शोधायचा? पुण्यात कुठे जायचं?

वाक्प्रचारांसाठी पहिला ग्रंथ दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश. तो दोन भागांत आहे आणि १९४० च्या दशकातला आहे. त्याच संपादकांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला. एखाद्या नामाखालीही त्यात वाक्प्रचार सापडतात, म्हणजे 'कान' उघडला की कानाचे सगळे वाक्प्रचार एका जागी. हा कोश आणि मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत आहेत, पण त्या काळी लोक प्रत्यक्षात काय बोलत ते त्यात फार बारकाईने टिपलेलं आहे.

हातात पुस्तक घेऊन बघायचं असेल तर नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून आहे, पुणे नगर वाचन मंदिर त्याहून जुनं, १८४८ चं. टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे. विकत घ्यायचं असेल तर अप्पा बळवंत चौक. शाळेच्या मुलांसाठीची म्हणी-वाक्प्रचारांची पातळ पुस्तकं तिथे ढिगाने मिळतात. त्यांत अर्थ एका ओळीचे असतात, म्हणून ती सुरुवातीपुरती ठीक.

आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. कोश अर्थ सांगेल, पण मामी तो वाक्प्रचार कुणाबद्दल वापरायची हे मामाच सांगेल.

मोबाइलवर उत्तर शोधलं तर ती लबाडी होते का?

मला तसं वाटत नाही. फक्त क्रम पाळा. आधी छेदणारी अक्षरं, मग शेजारचा माणूस, मग कोश, आणि शेवटी मोबाइल. मोबाइलवर शोधताना वाक्प्रचाराचा अर्थ शोधा, उत्तर शोधू नका.

शब्दकोडं हा प्रकार मुळात कुठला?

अमेरिकेतला. लिव्हरपूलला जन्मलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात पहिलं कोडं छापलं. ते पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकाराचं होतं. मराठीत ते आलं तेव्हा अक्षर हाच घटक ठरला. मात्रा-वेलांट्यांमुळे जुळणारी अक्षरं कमी मिळतात, म्हणून मराठी कोड्यात काळी घरं जास्त दिसतात.

लहान मुलांना कुठून सुरुवात करून द्यावी?

ज्या वाक्प्रचारामागे गोष्ट आहे तिथून. 'उंटावरचा शहाणा' घ्या. वासराचं डोकं रांजणात अडकतं. उंटावर बसलेला शहाणा बोलावतात, तो खाली उतरत नाही, म्हणून त्याला आत घ्यायला भिंत पाडतात. तो सांगतो, वासराची मान कापा. मान कापतात, पण डोकं रांजणातच राहतं. मग तो सांगतो, आता रांजण फोडा. मुलं इथे ओरडतातच, "मग आधीच रांजण का नाही फोडला?" त्या क्षणी कोडं पुढे करा : 'उंटावरचा ___ : नको ते सल्ले देणारा (३)'.

अवयवांचे वाक्प्रचार मात्र एकाच दिवशी देऊ नका. नाक मुरडणे, नाक खुपसणे, नाक घासणे, नाक कापणे एकापाठोपाठ आले की मुलांच्या डोक्यात सगळ्यांची सरमिसळ होते.

मला स्वतः कोडं रचायचं आहे. वाक्प्रचाराचं सूत्र कसं लिहू?

अर्थाबरोबर सूरही द्या. 'पाचवीला ___ : जन्मापासून सोबत असणे' यापेक्षा 'पाचवीला ___ : नको ती गोष्ट कायम मागे लागणे' हे बरं. जागा असेल तर अर्थाऐवजी वाक्यच द्या, म्हणजे 'ठेकेदाराने गावाच्या तोंडाला ___ पुसली'. उत्तर 'पाने', आणि फसवणुकीचा अर्थ सोडवणाऱ्याला वाक्यातूनच लागतो. अपरिचित वाक्प्रचार ठेवाल तिथे छेदणारे शब्द सोपे ठेवा. 'तुरी'वरून 'रीत' उतरवली तर माणूस पोचतो. तिथे एखादा तितकाच अनवट शब्द ठेवला तर दोन्ही घरं रिकामी राहतात आणि कुणीच काही शिकत नाही. आणि कोडं पुढे देण्याआधी एकदा दुसऱ्या कुणाकडून सोडवून घ्या. 'भरणे' आणि 'फुंकणे' दोन्ही बसणारी जागा रचणाऱ्याच्या नजरेतून सुटते, सोडवणाऱ्याला लगेच दिसते.